गुप्त पेटंटे आणि संशोधकाची वीस वर्षे

प्रति,
माननीय महानियंत्रक, पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क, भारत सरकार, मुंबई
आणि
माननीय संरक्षण सचिव, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : नौदल व लष्कराच्या उपयोगाच्या पेटंट-अर्जांवरील गुप्ततेचे आदेश, त्यांचा फेरविचार आणि संशोधकाचा मोबदला

सन्माननीय महोदय,

पेटंट हा शासन आणि संशोधक यांच्यातला करार आहे. संशोधकाने आपला शोध आकृत्यांसह आणि कृतीसह जगापुढे उघड करायचा, आणि त्याबदल्यात शासनाने त्याला अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे त्यावर एकाधिकार द्यायचा. शेतीचे अवजार किंवा शिवणयंत्र असेल तर हा करार बहुतेक वेळा सुरळीत चालतो. पाणतीर, तोफेचे नेमयंत्र किंवा संदेश सांकेतिक करणारे यंत्र असेल तर तो पहिल्याच पायरीवर अडतो. शोध उघड झाला तर शत्रूच्या हाती जातो, आणि उघड झाला नाही तर पेटंट मिळत नाही. शिवाय असल्या मालाला देशात गिऱ्हाईक एकच असते, ते म्हणजे सरकार. पेटंट देणारे, ते रोखून धरणारे, शोध वापरणारे आणि त्याची किंमत ठरवणारे असे चारही अधिकार एकाच हाती येतात. समोर असतो तो एकटा संशोधक, किंवा दहा-बारा माणसांचा एखादा कारखाना.

ही अडचण भारताने निर्माण केलेली नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ आरमारी राष्ट्रे तिच्याशी झगडत आली आहेत आणि त्यांनी तिच्यावर निरनिराळे उपाय करून पाहिले आहेत. त्या अनुभवाकडे पाहिल्याशिवाय आपल्या कायद्यातली उणीव नीट दिसत नाही.

ब्रिटनमध्ये विल्यम आर्मस्ट्राँग यांनी आपल्या आटेदार तोफेची पेटंटे १८५९ साली सरकारला देऊन टाकली. त्यांना सर ही पदवी आणि सरकारी पद मिळाले. त्याच वर्षी युद्धसामग्रीची पेटंटे सरकारकडे सोपवण्याची आणि ती गुप्त ठेवण्याची सोय करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला. हा मार्ग उदार आणि धनवान संशोधकाला परवडणारा होता. आर्मस्ट्राँग यांचा कारखाना आधीच भरभराटीला आलेला होता.

रॉबर्ट व्हाइटहेड यांनी दुसरा मार्ग धरला. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फ्यूम बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका येथे, त्यांनी १८६६ मध्ये स्वयंचलित पाणतीर तयार केला. त्याचा खरा प्राण होता ठरलेल्या खोलीवर तो टिकवून धरणारी यंत्रणा. पाण्याच्या दाबावर हलणारी झडप आणि एक लंबक यांच्या जोडीने ती चालत असे. व्हाइटहेड यांनी तिचे पेटंट घेतले नाही, ती गुपित म्हणून राखली, आणि एकेका आरमाराला पैसे घेऊन ते गुपित विकले. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये त्यासाठी १५,००० पौंड मोजले. पण इतर राष्ट्रांनाही ते विकत घेता येत होते आणि त्यांनी घेतलेही. काही वर्षांतच युरोपातल्या बहुतेक मोठ्या आरमारांकडे तोच पाणतीर होता. ब्रिटनला शस्त्र मिळाले, पण शत्रूवर वरचढपणा मिळाला नाही.

लुई ब्रेनन यांच्या बाबतीत ब्रिटिशांनी धोरण बदलले. मेलबर्नमध्ये घड्याळाच्या कामात तयार झालेल्या या तरुणाने १८७७ मध्ये तारांवर चालणाऱ्या पाणतीराचे पेटंट घेतले. पाणतीराच्या पोटात बारीक पोलादी तारेची दोन रिळे असत. किनाऱ्यावरचे वाफेचे यंत्र त्या तारा वेगाने ओढून घेई, रिळे फिरत, आणि त्या फिरण्याने पाणतीराचे पंखे चालत. म्हणजे तार मागे ओढली की पाणतीर पुढे धावे. एक तार दुसरीपेक्षा जलद ओढली की त्याची दिशा बदले. बंदराच्या रक्षणासाठी हे साधन अजोड होते. ब्रिटिश सरकारने ते संपूर्णपणे विकत घेतले आणि १,१०,००० पौंड दिले. व्हाइटहेड यांना दिलेल्या रकमेशी तुलना करून या सौद्यावर तेव्हा कडक टीका झाली. तरीही शीअरनेस, आयल ऑफ वाइट, माल्टा, कॉर्क आणि हाँगकाँग येथील किल्ल्यांवर ही यंत्रणा बसवली गेली आणि १९०६ पर्यंत ती कामात होती. संशोधकाला मोबदला वेळेवर मिळाला आणि शस्त्र एकट्या ब्रिटनकडे राहिले. गुप्तता हवी असेल तर तिची किंमत आधी मोजावी लागते, हे या व्यवहारात शासनाने मान्य केले होते.

पुढच्याच पिढीत ब्रिटिश आरमाराला त्याचा विसर पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या तोफांचा पल्ला हजारो यार्डांपर्यंत गेला होता. गोळा हवेत असतानाच स्वतःचे जहाज आणि शत्रूचे जहाज दोन्ही पुढे सरकत. दोघांतले अंतर किती वेगाने बदलते आहे हे क्षणोक्षणी कळले तरच नेम लागणार होता. आर्थर पोलन यांनी आरमाराबाहेर राहून हा प्रश्न गणिताच्या आणि यंत्राच्या मार्गाने सोडवायला घेतला. हॅरोल्ड इशरवुड या अभियंत्याच्या मदतीने त्यांनी आर्गो क्लॉक हे यंत्र सिद्ध केले. दोन जहाजांचा वेग आणि दिशा त्यात भरली की ते बदलते अंतर आणि दिशाकोन सतत दाखवत राही. आज ज्याला यांत्रिक संगणक म्हणतात त्या जातीचे हे यंत्र होते.

आरमाराने पोलन यांना काही पैसे दिले आणि त्याबदल्यात काम गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. त्यामुळे त्यांना ते इतर देशांना दाखवता येईना. त्याच काळात फ्रेडरिक ड्रेयर या नौदल अधिकाऱ्याच्या नावाचे नेमयंत्र आरमारात तयार होत होते. १९१२ च्या सुमारास आरमाराने पोलन यांच्याशी संबंध तोडले आणि ड्रेयर यांचे यंत्र स्वीकारले. १९१६ मध्ये जटलंडच्या समुद्रात जी लढाई झाली तिच्यातल्या ब्रिटिश नेमबाजीबद्दल आणि या निर्णयाच्या परिणामाबद्दल इतिहासकारांत आजही वाद आहे. पैशाच्या हिशेबाबद्दल मात्र वाद उरला नाही. संशोधकांना पारितोषिके देण्यासाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने १९२५ मध्ये पोलन यांचा दावा मान्य करून ३०,००० पौंड दिले. म्हणजे संबंध तुटल्यावर तेरा वर्षांनी आणि युद्ध संपल्यावर सात वर्षांनी न्याय मिळाला. तो मिळाला याचे कारण एकच. आरमाराने फेटाळलेला माणूस आपली फिर्याद घेऊन जाऊ शकेल असे आरमाराबाहेरचे एक ठिकाण ब्रिटनमध्ये होते.

उलट टोकाची उदाहरणेही ब्रिटनचीच आहेत. फ्रँक व्हिटल या बावीस वर्षांच्या हवाई दल अधिकाऱ्याने १६ जानेवारी १९३० रोजी जेट इंजिनाच्या पेटंटासाठी अर्ज केला. हवाई मंत्रालयाला त्यात रस नव्हता, म्हणून गुप्ततेचा आदेशही निघाला नाही, आणि तपशील कोणालाही वाचता येईल असा प्रसिद्ध झाला. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे ५ पौंड भरायला व्हिटल यांच्याकडे पैसे नव्हते, मंत्रालयाने ते भरायला नकार दिला, आणि पेटंट संपुष्टात आले. जेट इंजिनावर पहिले विमान उडाले ते जर्मनीत, ऑगस्ट १९३९ मध्ये. लिओ झिलार्ड यांचा अनुभवही असाच बोलका आहे. १९३४ मध्ये त्यांनी अणूंच्या साखळी प्रक्रियेच्या कल्पनेसाठी ब्रिटनमध्ये अर्ज केला आणि ती गुप्त राहावी म्हणून स्वतःच धडपड केली. युद्ध कार्यालयाने ती गुप्त ठेवण्याचे कारण दिसत नाही असे कळवले. अखेर १९३६ मध्ये त्यांनी ते पेटंट ब्रिटिश आरमाराच्या नावे करून दिले, आणि ते १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. काय लपवायचे आणि काय नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याची तांत्रिक समज किती मोलाची असते, हे या दोन प्रकरणांवरून दिसते.

गुप्तता किती लांबू शकते याचा दाखला अमेरिकेतला आहे. विल्यम फ्रीडमन यांनी सांकेतिक यंत्रासाठी जुलै १९३३ मध्ये अर्ज केला. पेटंट मिळाले ऑगस्ट २००० मध्ये, सदुसष्ट वर्षांनी. फ्रीडमन १९६९ मध्येच वारले होते. अमेरिकन काँग्रेसने १९५६ मध्ये खास कायदा करून त्यांना १,००,००० डॉलर दिले होते, म्हणून निदान त्यांच्या हयातीत काही हाती लागले. अमेरिकेत १९५१ पासून शोधांच्या गुप्ततेचा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक आदेशाची मुदत एक वर्षाची असते आणि तो पुढे चालू ठेवायचा तर दरवर्षी नव्याने ठरवावे लागते. संशोधकाला भरपाई मागण्याचा आणि त्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क आहे. असे पाच हजारांहून अधिक आदेश तिथे एकाच वेळी अमलात असल्याचे शासनाच्याच आकड्यांवरून लोकांना कळते. याहून महत्त्वाची तरतूद पेटंटाच्या मुदतीची आहे. गुप्ततेच्या आदेशामुळे पेटंट मिळायला जितके दिवस उशीर झाला तितके दिवस मुदत वाढवून मिळते.

आता भारताचा कायदा. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्याच्या सातव्या प्रकरणात, कलम ३५ ते ४२ मध्ये, संरक्षणविषयक शोधांची व्यवस्था आहे. एखादा शोध संरक्षणाच्या उपयोगाचा आहे असे नियंत्रकाला वाटले की तो त्याची प्रसिद्धी रोखण्याचा किंवा मर्यादित करण्याचा आदेश देतो आणि केंद्र सरकारला कळवतो. एरवी अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होणारा अर्ज मग प्रसिद्ध होत नाही. त्याची तपासणी पेटंट देण्याच्या टप्प्यापर्यंत चालू राहते, पण पेटंट दिले जात नाही. कलम ३६ नुसार केंद्र सरकारने दर सहा महिन्यांनी, किंवा अर्जदाराने मागणी केल्यावर, आदेशाचा फेरविचार करायचा आणि निष्कर्ष अर्जदाराला कळवायचा. आदेश चालू असताना सरकारने शोध वापरला तर पेटंट मिळाले आहे असे समजून मोबदल्याची कलमे लागू होतात. वापरला नाही, पण अर्जदाराला आदेशामुळे हालअपेष्टा सोसाव्या लागल्या असे सरकारला वाटले, तर सरकार सानुग्रह रक्कम देऊ शकते. त्या काळाचे नूतनीकरण शुल्कही भरावे लागत नाही. व्हिटल यांच्यासारखी पाच पौंडांची पाळी भारतीय संशोधकावर निदान गुप्ततेच्या काळात येणार नाही, ही या कायद्याची जमेची बाजू आहे. सहा महिन्यांचा फेरविचार तर अमेरिकेच्या एका वर्षापेक्षाही चांगला आहे.

तक्रार आहे ती यापुढची, आणि तिचा गाभा मुदतीत आहे. कलम ५३ प्रमाणे पेटंटाची वीस वर्षे अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात. गुप्ततेचा आदेश आठ वर्षे चालला तर संशोधकाच्या हाती बारा वर्षे उरतात, आणि अठरा वर्षे चालला तर दोन. कलम ३८ मध्ये आदेश उठल्यावर कागदोपत्री कामांची मुदत वाढवून देण्याची सोय आहे, पण पेटंटाच्या आयुष्याला तिचा स्पर्श होत नाही. शुल्क माफ होते, वर्षे मात्र वजा होतात. आदेशाच्या काळात संशोधकाला शोध कुणाला दाखवता येत नाही, परवाना देता येत नाही, त्याच्या आधारे भांडवल उभे करता येत नाही आणि नक्कल करणाऱ्याला अडवताही येत नाही. देशाच्या रक्षणासाठी एखाद्या नागरिकाची जमीन घेतली तर तिची किंमत देणे शासनावर बंधनकारक असते. त्याच कारणासाठी त्याच्या बुद्धीच्या मिळकतीची वर्षे घेतली जातात तेव्हा भरपाई सरकारच्या मर्जीवर राहते.

मर्जी हा शब्द इथे विचारपूर्वक वापरला आहे. सानुग्रह रक्कम देण्याबाबत कायदा सरकार देऊ शकते एवढेच म्हणतो, देईलच असे म्हणत नाही. आणि कलम ४१ सांगते की नियंत्रकाचे गुप्ततेचे आदेश आणि या प्रकरणाखालचे केंद्र सरकारचे सर्व आदेश अंतिम असून त्यांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. काय गुप्त ठेवायचे हा निर्णय न्यायालयाबाहेर ठेवणे समजण्यासारखे आहे. दारूगोळ्याच्या रचनेची चर्चा उघड्या न्यायालयात होऊ नये. पण किती पैसे द्यायचे या प्रश्नालाही तेच कुलूप लावण्याचे कारण दिसत नाही. सरकारने शोध प्रत्यक्ष वापरला तर कलम १०३ खाली उच्च न्यायालयात जाता येते. वापरलाच नाही, नुसता अडवून ठेवला, तर तसा रस्ता उरत नाही. ज्याचा शोध कपाटात पडून राहिला त्याचे नुकसान ज्याचा वापरला गेला त्याच्यापेक्षा कमी नसते.

वापरल्यानंतरचा मोबदलाही पुरेसा स्पष्ट नाही. कलम १०० मोबदल्याची भाषा करते, तर कलम ४७ नुसार शासनाला निव्वळ स्वतःच्या वापरासाठी पेटंटातली वस्तू बनवता किंवा आयात करता येते. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचणाऱ्या लहान संशोधकाला आपला हक्क कुठे सुरू होतो हे कळत नाही. चांगला वकील करणे त्याला परवडत नाही, आणि समोरचा पक्ष हेच त्याचे एकमेव गिऱ्हाईक असते.

कलम ३९ ची गोष्ट वेगळी. भारतात राहणाऱ्या कोणालाही परदेशात पेटंटासाठी अर्ज करायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, किंवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. परवानगीचा निर्णय सर्वसाधारणपणे एकवीस दिवसांत होतो. शोध संरक्षणाचा किंवा अणुऊर्जेचा असेल तर केंद्र सरकारची संमती लागते. हा नियम मोडला तर भारतातला अर्ज सोडून दिला असे मानले जाते, मिळालेले पेटंट रद्द होऊ शकते, आणि कलम ११८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. नियम योग्य आहे. पण तो मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागाला जितका ठाऊक असतो तितका भोसरीच्या किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्राचा सुटा भाग सुधारणाऱ्या उद्योजकाला ठाऊक असेल अशी खात्री देता येत नाही. जहाजाच्या पंपाचा आवाज कमी करणारी साधी सुधारणा पाणबुडीच्या कामाची असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे प्रश्न आजवर फारसे जाचले नाहीत, कारण संरक्षण संशोधन बहुतांशी सरकारी प्रयोगशाळांतच होत होते. तिथे संशोधक पगारी असतो आणि पेटंट सरकारचेच असते. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेचे काम या व्यवस्थेचे उत्तम फळ आहे. साध्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी ठराविक काळाने पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी ती शत्रूला सापडते. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फोरिक आम्लाच्या इंधनघटावर चालणारी यंत्रणा उभी केली. तिला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो, त्यामुळे तो साठवून न्यावा लागत नाही. मार्च २०२१ मध्ये तिच्या जमिनीवरील नमुन्याची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. अशा कामात गुप्तता आणि मोबदला यांचा संघर्ष उद्भवत नाही.

आता चित्र बदलले आहे, आणि ते संरक्षण मंत्रालयानेच बदलले आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये आयडेक्स ही योजना सुरू झाली आणि नवउद्योगांना सैन्यदलांच्या अडचणींवर उपाय शोधण्याचे निमंत्रण मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रक्षा ज्ञान शक्ती अभियान सुरू झाले आणि संरक्षण क्षेत्रातल्या लोकांना बौद्धिक संपदेचे शिक्षण मिळू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये नौदलाने स्वतःची नवोपक्रम व स्वदेशीकरण संघटना स्थापन केली. करोनाच्या काळात मुंबईच्या नौदल वैद्यकीय संस्थेत तयार झालेल्या नवरक्षक या संरक्षक पोशाखासाठी मंत्रालयाच्या बौद्धिक संपदा कक्षाने तातडीने पेटंटाचा अर्ज केला आणि राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळामार्फत तो लहान उद्योगांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. उघड करता येण्याजोगा शोध किती लवकर कारखान्यात पोहोचू शकतो, हे मंत्रालयाने त्यातून स्वतःच दाखवून दिले. खाजगी संशोधकांना दार उघडले आहे, तेव्हा त्यांच्यासाठी लिहिलेली कलमे आता प्रथमच खऱ्या अर्थाने कसाला लागणार आहेत.

म्हणून विनंती अशी. गुप्ततेच्या आदेशाचा काळ पेटंटाच्या वीस वर्षांतून वगळावा. त्यासाठी कलम ५३ मध्ये दुरुस्ती लागेल, आणि तिचा प्रस्ताव पेटंट कार्यालय व संरक्षण मंत्रालय यांनी मिळून संबंधित मंत्रालयाकडे पाठवावा. हे एक झाले तरी अर्धा अन्याय दूर होईल. हालअपेष्टांसाठीची रक्कम मर्जीची न राहता हक्काची व्हावी, आणि तिच्या आकड्यावर वाद झाल्यास निवृत्त न्यायाधीश व तंत्रज्ञ यांच्या छोट्या मंडळाने बंद दाराआड सुनावणी करून निकाल द्यावा. पोलन यांना न्याय देणारी संस्था याच वळणाची होती, आणि तिच्यामुळे ब्रिटिश आरमाराची कोणतीही गुपिते धोक्यात आली नाहीत.

सहामाही फेरविचार नियमाप्रमाणे व्हावाच, पण आदेश कायम ठेवताना अर्जदाराला कारणाचा प्रकार तरी कळवावा. तंत्रज्ञान अजून वापरात आहे, परदेशात ते उघड झालेले नाही, किंवा चाचण्या चालू आहेत, एवढे सांगण्याने कोणतेही रहस्य फुटत नाही. परदेशात तोच शोध प्रसिद्ध झाल्याचे अर्जदाराने दाखवून दिले तर आदेश उठवण्याचा विचार त्याच महिन्यात व्हावा. अमलात असलेल्या आदेशांची निव्वळ संख्या, नवे किती निघाले, किती उठवले आणि भरपाई किती प्रकरणांत दिली, हे चार आकडे दरवर्षी संसदेपुढे ठेवावेत. कलम ३९ ची माहिती मराठीसह सर्व भारतीय भाषांत, औद्योगिक वसाहतींच्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूचनाफलकापर्यंत पोहोचावी. तसेच गुप्ततेचा प्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याजवळ त्या विषयाचा जाणकार असावा. झिलार्ड यांच्या कागदाला नकार लिहिणाऱ्यापाशी तो नव्हता.

यांतील कोणतीही मागणी देशाच्या सुरक्षेला बाध आणणारी नाही. आदेश देण्याचा सरकारचा अधिकार जसाच्या तसा राहतो. बदलते ती एवढीच गोष्ट, की त्या अधिकाराचा खर्च सरकारी तिजोरीवर पडतो, एकट्या संशोधकाच्या डोक्यावर पडत नाही. पहिली विनंती, म्हणजे मुदतवाढीची, आपण पुढील कायदा दुरुस्तीच्या मसुद्यात समाविष्ट करावी.

आपला विश्वासू,
पेटंट कायद्याचा एक अभ्यासक